पूल आणि घामाची अट

पूल हा स्पोर्ट आहे का, असा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: यात घाम कुठे येतो? एसीत उभं राहून खेळतात, मध्येच चहाचा घोट घेतात, पोट सुटलेला माणूसही सहज जिंकून जातो. मग याला करमणुकीचा खेळ म्हणावं आणि विषय संपवावा, कबड्डी-कुस्तीच्या पंगतीत कशाला बसवायचं? वरवर पाहता हे बिनतोड वाटतं. मी मात्र पूलला पूर्ण अर्थानं क्रीडाप्रकार मानतो. तो का, हे समजून घ्यायचं तर आधी घामाची अट तपासावी लागेल आणि मग टेबलाजवळ जाऊन एक साधा शॉट बारकाईनं पाहावा लागेल.

ज्यांनी पूल फक्त लांबून पाहिलाय त्यांच्यासाठी थोडी ओळख. क्यू नावाच्या निमुळत्या काठीनं टेबलावरचे बॉल मारायचे बरेच खेळ आहेत. बिलियर्ड्स त्यातला जुना, तीन बॉलचा. स्नूकर 12 फूट बाय 6 फुटांच्या मोठ्या टेबलावर, 15 लाल आणि 6 रंगीत बॉल घेऊन खेळतात. त्याचा जन्म आपल्याकडचाच, 1875 साली जबलपूरच्या ब्रिटिश लष्करी छावणीतला. पूलचं स्पर्धेचं टेबल 9 फूट बाय साडेचार फुटांचं, बॉल स्नूकरपेक्षा मोठे आणि जड, पॉकेट म्हणजे टेबलाच्या कडेची भोकंही रुंद. सगळ्यात जास्त खेळला जातो तो एट-बॉल. एकाचे सॉलिड म्हणजे एकरंगी, दुसऱ्याचे स्ट्राइप म्हणजे पट्ट्यांचे, आपले सात पॉकेटमध्ये घालून संपवायचे आणि शेवटी काळा आठ नंबर. मारायचं फक्त पांढऱ्या बॉलला, बाकीचं काम तो करतो.

आता घामाकडे येऊ.

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं. अख्ख्या महाराष्ट्रानं त्याला डोक्यावर घेतलं, आणि ते योग्यच होतं. नेमबाजी हा क्रीडाप्रकार आहे का, अशी शंका तेव्हा कुणाच्या मनाला शिवलीही नाही. नेमबाजाचं सगळं कसब तर न हलण्यात असतं. तिरंदाजीचंही बरंचसं तसंच. उलट ऊसतोडणीच्या फडात माणसं जेवढा घाम गाळतात तेवढा क्वचितच कुणी खेळाडू गाळत असेल, पण त्याला आपण कष्ट म्हणतो, क्रीडा म्हणत नाही. म्हणजे घाम असून क्रीडा नाही आणि घाम नसून क्रीडा आहे, अशी दोन्हीकडची उदाहरणं आपण रोज मान्य करतो. ही अट फक्त पूलपाशी आल्यावर आठवते.

दुसरी अट ऑलिम्पिकची. ‘ऑलिम्पिकमध्ये आहे का? मग?’ या हिशेबानं कबड्डी आणि खो-खोही बाद होतात. रस्सीखेच 1900 ते 1920 या काळात ऑलिम्पिकमध्ये होती, आता नाही. स्क्वॉश पहिल्यांदा येतोय तो 2028 मध्ये लॉस एंजेलिसला. क्यूच्या खेळांची जागतिक संघटना 1992 साली उभी राहिली, 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं तिला मान्यता दिली आणि त्याच वर्षी बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत एट-बॉल आणि नाइन-बॉल पूल पदकांसह खेळवले गेले. 2010 च्या ग्वांगझूपर्यंत ते टिकले, 2014 ला वगळले गेले. पॅरिससाठीही अर्ज केला होता, पण आयोजकांनी ब्रेकिंग, स्केटबोर्डिंग, क्लाइंबिंग आणि सर्फिंग निवडले. 2010 आणि 2014 च्या मध्ये टेबल बदललं नव्हतं, बॉल बदलले नव्हते, खेळाडूंचा दर्जाही घसरला नव्हता. ऑलिम्पिक किंवा आशियाई स्पर्धेची यादी हा जागा, खर्च, यजमान देशाची आवड आणि टीव्हीचे प्रेक्षक यांचा ताळमेळ असतो. त्यावरून खेळाचा स्वभाव ठरत नाही.

मग ठरवायचं कशावरून? या प्रश्नाचा कीस खरोखर कोर्टात पाडला गेलाय, तो ब्रिजच्या निमित्तानं. इंग्लंडच्या ब्रिज संघटनेचं म्हणणं होतं की आमचा पत्त्यांचा खेळही स्पोर्ट धरा. सरकारी मान्यतेचा दावा 2015 साली लंडनच्या हायकोर्टात फेटाळला गेला. कराच्या सवलतीचा दुसरा दावा युरोपियन युनियनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे 2017 मध्ये निकाल लागला की करसवलतीपुरतं ‘स्पोर्ट’ म्हणवून घ्यायचं तर त्यात शारीरिक भाग नगण्य असून चालणार नाही, आणि ब्रिजमध्ये तो नगण्य आहे. गंमत अशी की पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिज होता आणि साठीतले प्रणब बर्धन आणि 56 वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी भारताला त्यात सुवर्णपदक मिळवून दिलं. एकच खेळ, लंडनमध्ये एक उत्तर आणि जकार्तात दुसरं.

मला त्या निकालातला एक धागा फार उपयोगी वाटतो. शरीराचा वापर ‘किती’ आहे यापेक्षा शरीरावाचून काम भागतं का, हे विचारलं तर उत्तर जास्त स्वच्छ मिळतं. त्यासाठी एक सोपी कसोटी आहे: तुमच्या जागी दुसऱ्या कुणाचा हात वापरला तर निकाल बदलतो का?

बुद्धिबळ घ्या. नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला. समजा तिनं शेजारी बसून सांगितलं, ‘घोडा एफ पाचवर ठेवा’, आणि सोंगटी मी हलवली. चाल तेवढीच भारी राहील. एकेकाळी लोक पोस्टकार्डावर चाली लिहून महिनोन्महिने बुद्धिबळ खेळत. हात फक्त निरोप्या असतो. यानं बुद्धिबळाचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. तो मेंदूचा मुकाबला आहे आणि त्यातला ताण जबरदस्त असतो. पण त्यात निकाल हातावर ठरत नाही.

आता पूलला हीच कसोटी लावा. जगातल्या सगळ्यात हुशार खेळाडूनं माझ्या कानात सांगितलं, ‘चार नंबरचा बॉल पातळ कट कर, खालून मार, पांढरा मागे घेऊन सातच्या वर आण’, तरी तो शॉट मला जमेलच असं नाही. बहुधा जमणार नाही. काय करायचं हे कळणं आणि ते करता येणं यांत इथे मोठी दरी आहे, आणि सामना त्या दरीत जिंकला किंवा हरला जातो. पोस्टकार्डावर पूल खेळता येत नाही. कॅरमही नाही.

ही दरी किती मोठी ते आकड्यांत पाहू, कारण इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

स्पर्धेच्या टेबलाचं कोपऱ्यातलं पॉकेट तोंडाशी साधारण साडेचार इंच, म्हणजे 11.4 सेंटिमीटर रुंद असतं. बॉलचा व्यास सव्वादोन इंच, 5.7 सेंटिमीटर. म्हणजे पॉकेटमध्ये शेजारी-शेजारी दोन बॉल जेमतेम मावतील. मारायचा बॉल पॉकेटपासून चार फुटांवर आहे आणि पांढरा बॉल त्याच्यामागे तीन फुटांवर, जवळजवळ सरळ रेषेत, असं धरा. पार्लरमध्ये हा शॉट दिसला की बघणारे म्हणतात, ‘हा काय, सोपा आहे.’ बॉल कडांना न घासता आत जायचा तर त्याचा मध्य मार्गापासून डावीकडे किंवा उजवीकडे जास्तीत जास्त 2.8 सेंटिमीटर सरकलेला चालेल. चार फुटांच्या अंतरावर हे सुमारे 1.3 अंश होतात. पण तुम्ही त्या बॉलला थेट मारत नाही, पांढऱ्यानं मारता. तो 1.3 अंशांच्या आत राहायचा तर पांढरा बॉल ज्या जागी येऊन धडकतो ती जागा साधारण 1.3 मिलिमीटरपेक्षा जास्त चुकून चालत नाही, म्हणजे एखाद्या नाण्याच्या जाडीएवढी. तीन फुटांवरून ती जागा साधायची तर क्यूची दिशा एका अंशाच्या बाराव्या भागाइतकी अचूक लागते.

आणि हा सोपा शॉट. अंतर वाढवा, कट पातळ करा, म्हणजे बॉलला आणखी कडेला लावा, पांढरा बॉल टेबलाच्या रबरी कडेला म्हणजे कुशनला चिकटलेला असू द्या, मग ही सूट आणखी आक्रसत जाते.

एवढी अचूकता डोळ्यांनी येत नाही, अंगवळणी पडावी लागते. पाय ठरलेल्या अंतरावर, वजन दोन्हींवर, कमरेतून वाकून हनुवटी क्यूच्या जवळपास टेकलेली, पुढच्या हाताच्या बोटांचा ब्रिज, म्हणजे क्यूला दिलेला आधार, टेबलावर घट्ट, मागचा दंड स्थिर आणि कोपरापासून खालचा हात तेवढा मागेपुढे. मी शिकत होतो तेव्हा आमच्या इथला मार्कर, म्हणजे टेबल सांभाळणारा आणि स्कोअर ठेवणारा माणूस, दर शॉटनंतर एकच वाक्य म्हणायचा: ‘हात आवळला.’ क्यूचं टोक आणि बॉल यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतकाच टिकतो. त्या क्षणी मूठ जराशी आवळली की मागचं टोक उचललं जातं, पुढचं वळतं आणि बॉल मधोमध लागण्याऐवजी बाजूला लागतो. तेवढ्यानं त्याला नको असलेली फिरकी मिळते. मान वर केली तर खांदा हलतो. श्वास अर्धवट अडकला तर छाती हलते. बाहेरून काहीच घडलेलं दिसत नाही, बॉल मात्र पॉकेटच्या ओठावर आपटून परत येतो.

शरीराचा वाटा किती, याचा मला सगळ्यात पटणारा पुरावा औषधांच्या यादीत सापडतो. बीटा ब्लॉकर ही रक्तदाबावर आणि हृदयाच्या काही तक्रारींवर दिली जाणारी औषधं. त्यांनी हृदयाचे ठोके मंदावतात आणि हाताचा कंप कमी होतो. धावपटूला त्यांचा उपयोग नाही, झाला तर तोटाच. पण उत्तेजक-विरोधी जागतिक संस्था वाडानं काही मोजक्या खेळांच्या स्पर्धांत त्यांच्यावर बंदी घातली आहे. त्यात नेमबाजी आहे, तिरंदाजी आहे, गोल्फ आहे, डार्ट्स आहे आणि बिलियर्ड्स, स्नूकर, पूल असे क्यूचे सगळे प्रकार आहेत. 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाचा नेमबाज किम जोंग-सू याची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकरमुळेच काढून घेण्यात आली. कॅनडाचा स्नूकरपटू बिल वर्बेनिक याची गोष्ट जास्त चटका लावणारी आहे. त्याच्या हाताला कंप होता. तो आटोक्यात ठेवण्यासाठी तो सामन्याच्या आधी आणि सामना चालू असताना बिअर प्यायचा आणि डॉक्टरांनी दिलेलं हेच औषध घ्यायचा. औषधावर बंदी आली आणि त्याची कारकीर्द तिथेच उतरणीला लागली. जगातल्या पहिल्या दहांत पोचलेला माणूस बोटांच्या थरथरीवर अडला. ज्या खेळात हृदयाचा ठोका मंद करणं ही फसवणूक ठरते, त्या खेळात शरीर नगण्य आहे असं कसं म्हणता येईल?

डोक्याचं काम वेगळंच. एक बॉल घालवणं हा निम्मा शॉट. पांढरा बॉल पुढच्यासाठी कुठे थांबवायचा हा उरलेला निम्मा. पांढरा न फिरता, नुसता सरकत जाऊन दुसऱ्या बॉलला कडेला लागला तर दोन्ही बॉल एकमेकांशी काटकोनात फुटतात. वरच्या भागात मारला तर पांढरा पुढे ओढ घेतो, खालच्या भागात मारला तर मागे येतो, बाजूला मारला तर कुशनवरून वेगळ्याच कोनात उडतो. या हालचालींचं गणित फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिस यानं 1835 साली मांडलं होतं. पृथ्वीच्या फिरण्यानं वारे वळतात त्या परिणामाला ज्याचं नाव आहे, तोच हा. चांगला खेळाडू तीन-चार बॉल पुढचा विचार करतो. पण विचार बरोबर असून पांढरा चार इंच जास्त गेला की सगळा बेत फसतो, आणि पुन्हा प्रश्न हातावरच येऊन थांबतो.

दोन आक्षेप मात्र गंभीर आहेत, ते झटकून टाकता येत नाहीत.

एक नशिबाचा. नाइन-बॉलमध्ये सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला आधी स्पर्श झाला की पुढे काहीही पडलं तरी चालतं; फ्लूकनं, म्हणजे निव्वळ नशिबानं, पडलेला नऊ नंबरही रॅक म्हणजे अख्खा डाव जिंकून देतो. खरं आहे. म्हणून मोठ्या स्पर्धांत एका रॅकवर निकाल लावत नाहीत, आधी 9, 11 किंवा 13 रॅक जिंकेल तो पुढे, असं चालतं. एखादा फ्लूक एक रॅक देईल, अकरा देणार नाही. टेन-बॉलमध्ये तर कुठला बॉल कुठल्या पॉकेटमध्ये घालणार हे आधी सांगावं लागतं, चुकून पडलेल्याला किंमत नाही. क्रिकेटमध्ये टॉस असतो, पावसाचा नियम असतो, बॅटची कड लागून चौकार जातो, तरी त्या नशिबासकट आपण क्रिकेट मान्य करतोच.

दुसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो. समोरचा खेळाडू ब्रेकपासून, म्हणजे पहिल्या फटक्यापासून, सगळे बॉल साफ करत सुटला तर तुम्ही फक्त खुर्चीत बसून राहता. काहीच न करता हरता येतं, ही कसली स्पर्धा? याचं एक उत्तर सेफ्टीत आहे. शॉट जमणार नाही असं दिसलं की जाणकार खेळाडू पांढरा बॉल अशा ठिकाणी लपवतो की समोरच्याला बॉल दिसूच नये. समोरचा चुकला तर फाऊल, आणि फाऊल झाला की पांढरा बॉल हातात घेऊन हवा तिथे ठेवायची मुभा प्रतिस्पर्ध्याला. मोठ्या सामन्यांतले सगळ्यात चुरशीचे क्षण बऱ्याचदा या लपंडावातच असतात. आणि खुर्चीत बसणंही फुकट नसतं: वीस मिनिटं थंड बसून उठायचं आणि पहिल्याच शॉटला तो अंशाचा बारावा भाग साधायचा, हे मला या खेळातलं सगळ्यात कठीण काम वाटतं. तरी मान्य करतो की कुस्तीत किंवा बॅडमिंटनमध्ये प्रतिस्पर्धी प्रत्येक क्षणी समोर असतो तसा तो इथे नसतो. गोल्फमध्येही नसतो.

इतकं असूनही पूलकडे नाक मुरडलं जातं, त्याचं कारण खेळापेक्षा जागेत आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या अड्ड्यांना पूलरूम म्हणत. दोन शर्यतींच्या मधला वेळ जावा म्हणून तिथे टेबलं ठेवली गेली आणि सट्ट्याची बदनामी टेबलाला चिकटली. आपल्याकडेही शहराशहरांत पूल आला तो तळघरातल्या किंवा मॉलमधल्या पार्लरमधून, तासाच्या भाड्यावर, सिगारेटच्या धुरासकट. ‘पोरगं पूल खेळतं’ याचा अर्थ घरी ‘पोरगं वाया चाललंय’ असाच घेतला जायचा. त्याच काळात मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांत त्याच क्यूनं बिलियर्ड्स खेळणं मात्र प्रतिष्ठेचं होतं. हा दुजाभाव मला खटकतो, कारण त्यात खेळ पाहिलाच जात नाही, खेळणाऱ्याचा पत्ता पाहिला जातो.

जिमखान्याच्या टेबलावरून आलेली नावं मोठी आहेत. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक जगज्जेते. 1964 मध्ये त्यांनी ते पुन्हा करून दाखवलं. देशातला पहिला खेलरत्न पुरस्कार विश्वनाथन आनंदला मिळाला, दुसरा बिलियर्ड्सपटू गीत सेठीला. पुण्यातच जन्मलेल्या आणि बेंगळुरूत वाढलेल्या पंकज अडवाणीच्या नावावर 2024 अखेर बिलियर्ड्स आणि स्नूकरची मिळून 28 जागतिक विजेतेपदं आहेत. तरी जिमखान्याच्या या खेळालासुद्धा मान भांडून मिळवावा लागला. मुंबईचे बिलियर्ड्सपटू मायकेल फरेरा यांनी 1981 साली पद्मश्री नाकारली. सुनील गावसकर यांना पद्मभूषण मिळालं होतं; जागतिक विजेतेपद मिळवूनही आपल्याला त्याहून खालचा सन्मान का, असा फरेरांचा सवाल होता. 1983 मध्ये त्यांनाही पद्मभूषण मिळालं. काहींना त्यात अहंकार दिसला. मला त्यात आपल्या खेळासाठी ताठ उभा राहिलेला माणूस दिसतो.

पूलला तसं कुणी भारतात अजून मिळालेलं नाही. फिलिपिन्सला मिळालं. एफ्रेन रेयेस मनिलात नातेवाइकाच्या पूल हॉलमध्ये लहानाचा मोठा झाला, रात्री टेबलावरच झोपायचा. 1999 मध्ये तो नाइन-बॉलचा आणि 2004 मध्ये एट-बॉलचा जगज्जेता झाला. साठी ओलांडल्यावरही दक्षिण-पूर्व आशियाई स्पर्धेत तो देशाचा शर्ट घालून उतरला. त्या देशात पूल हा क्रीडाप्रकार आहे का, असा वाद कुणी घालत बसत नाही.

याचा अर्थ टेबलावर जे जे चालतं ते सगळं क्रीडा, असं मी म्हणत नाही. शनिवारी रात्री चार मित्र दोघांत एक क्यू फिरवत, नियम निम्मे विसरून, हसत-खिदळत खेळतात ती करमणूकच आहे आणि ती तशीच असावी. गल्लीतल्या बॉक्स क्रिकेटनं कसोटी क्रिकेट हलकं होत नाही. फरक ठरतो तो सगळीकडे सारख्या असलेल्या नियमांनी, पंचांनी, ठरलेल्या मापाच्या टेबलानं आणि त्यासाठी रोज तासन् तास घेतलेल्या सरावानं. गोट्या किंवा विटी-दांडू हाताच्या कसोटीवर पूलइतकेच उतरतात, पण त्यांच्यामागे ही व्यवस्था फारशी उभी राहिली नाही, म्हणून ते मैदानाबाहेर राहिले. माझ्या मते तो त्या खेळांवर झालेला अन्याय आहे.

ज्यांना अजूनही हे फक्त टाइमपास वाटतं त्यांनी जवळच्या पार्लरमध्ये जाऊन एक सराव करून पाहावा. नवशिक्यांना पहिल्या दिवशी हाच देतात. बाकी सगळे बॉल काढून टाकायचे. फक्त पांढरा बॉल टेबलाच्या लांबीच्या मधल्या रेषेवर, आपल्या बाजूला ठेवायचा. समोरच्या आखूड कुशनच्या बरोबर मध्यावर सरळ मारायचा आणि क्यू पुढे गेलेला तसाच धरून ठेवायचा. फटका खरोखर मधोमध बसला असेल तर बॉल गेला त्याच रेषेवरून परत येतो आणि क्यूच्या टोकाला लागतो. बसला नसेल तर फिरकी घेऊन डावीकडे किंवा उजवीकडे निघून जातो. वीसदा मारून पाहा आणि किती वेळा टोकाला लागला ते मोजा.